दोष : शेवट नाही

आमच्या घरमालकांनी आयुष्यात हजारो नट आणि बोल्ट नापास केले असतील, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी माझ्या मुलीचं अस्वल नापास केलं, आणि तिथून आमची खरी ओळख झाली.

आम्ही परभणीकडचे. मी चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्टला, बायको संत तुकाराम नगरातल्या एका लॅबमध्ये, आणि मनू तेव्हा चार वर्षांची. मोशीत आम्ही ज्या तीन मजली इमारतीत भाड्यानं राहायचो ती या मालकांची. गावातलं जुनं शेतकऱ्याचं घर. शेतात इमारती उगवल्या, त्यातली एक यांच्या वाट्याला आली. तळमजल्यावर ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू. पण त्यांना शेतकरी म्हटलेलं आवडत नसे आणि मालक म्हटलेलं तर मुळीच नाही. भोसरीच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ती नोकरी सुटल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. सदऱ्याच्या खिशात माप घ्यायचा व्हर्नियर कायम असायचा. काकूंची भाकरी ताटात पडली की काका ती आधी तीन ठिकाणी मापायचे आणि मग मोडायचे.

"लग्नात मला बी तसंच बगत व्हते," काकू म्हणायच्या. "म्या म्हनलं, हा बाबा आता परत पाटवतो का काय."

त्यांचं एक वाक्य सगळ्या इमारतीला पाठ होतं : "एकतीस वरसांत खोट्या मालावर सही केली न्हाई." एकदा म्हणे साहेबानं सांगितलं, एवढा लॉट गुपचूप पास करून टाका. तर हे त्या लॉटच्या पेटीवर चढून बसले आणि शिफ्ट सुटेपर्यंत उतरले नाहीत. डबाही तिथंच खाल्ला. काकू हा प्रसंग सांगताना शेवटी जोडायच्या, "आनि घरी येऊन मला म्हनाले, भाजीत मीठ टॉलरन्सच्या भाईर हाय."

तर अस्वल. मी गॅलरीत बसून मनूला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होतो. अस्वल टोपी घालून जत्रेला निघतं, वाटेत त्याला चारदोन प्राणी भेटतात, अशी साधीच गोष्ट होती. मी चित्रंही सांगत होतो. तेवढ्यात खालून आवाज आला, "थांबा!" आणि काका जिना चढून वर.

"भाऊ, तिसऱ्या पानाला टोपी लाल म्हनलात तुमी. आता निळी वाचली."

मी पाहिलं. खरंच, तिसऱ्या पानावर लाल होती, आठव्यावर निळी.

"मधी टोपी बदलल्याचं कुटं ल्हिलंय का?"

"नाही."

"मंग होल्ड." त्यांनी खिशातून दोरा बांधलेला पिवळा टॅग काढला, त्यावर तारीख टाकली आणि पुस्तकाला बांधून पुस्तक काखेत मारलं. मनूचा ओठ थरथरायला लागला होता, पण टॅग पाहून ती रडायचं विसरली. "अस्वलाला काय झालं?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "काय न्हाई. तपासनी चालू हाय."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. टॅगवर लिहिलं होतं, 'रिवर्क ओके'. काकांनी निळ्या टोपीवर लाल खडू घासला होता, त्यामुळे ती जांभळी झाली होती. मग मेळ बसावा म्हणून तिसऱ्या पानावरच्या लाल टोपीवर निळा घासून तीही जांभळी केली होती. मुखपृष्ठावरचीही सुटली नव्हती. मनूला हे अस्वल आधीच्यापेक्षा जास्त आवडलं, आणि काका रोज संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे गोष्ट ऐकायला यायला लागले. ऐकायला म्हणजे तपासायला.

दुसरा अडसर सशांचा आला. सशांचं लग्न होतं. चौथ्या पानावर वाजंत्री ससे नऊ, पाचव्यावर आठ. "एक शॉर्ट," काका म्हणाले आणि खाली बसून त्यांनी कारणमीमांसा सुरू केली. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात, मग मूळ कारण सापडतं. ससा का कमी? चित्रात काढला नाही. का काढला नाही? चित्रकार विसरला. का विसरला? मधेच उठून गेला. का उठला? जेवायची वेळ झाली. का? भूक लागली.

"मूळ कारन, भूक," काकांनी जाहीर केलं. मनूनं ते मनावर घेतलं आणि त्या दिवशी पुस्तकाशेजारी वाटीत भाकरीचा तुकडा ठेवला. सकाळी वाटी रिकामी आणि पाचव्या पानावर नववा ससा हजर. बॉलपेनानं, पट्टी आणि कंपास लावून काढलेला. षटकोनी नटाला कान फुटावेत तसा दिसत होता. भाकरी कुणी खाल्ली ते मी विचारलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण माझी शिफ्ट आडवी आली. दुसरी पाळी असली की मी दुपारी मनूला गोष्ट सांगायला घ्यायचो आणि कंपनीची बस आली की अर्ध्यावर टाकून पळायचो. बायको येईपर्यंत मनू काकूंकडे. मग संध्याकाळी बायकोनं उरलेली गोष्ट पुरी करायची. मी सोडलेली राणी झाडावर असायची आणि बायको तिला थेट भाजी मंडईत न्यायची. मनू घर डोक्यावर घ्यायची.

"हँडओव्हर कुटंय?" काकांनी विचारलं. "शिफ्ट बदलली आनि मशीन कुटवर आलंय ह्ये ल्हिलं न्हाई? आमच्या कंपनीत अशा मानसाला गेटावरनं परत पाटवायचे." दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला सुतळीनं वही टांगली गेली. जाणाऱ्यानं गोष्ट कुठं आहे ते लिहायचं, येणाऱ्यानं वाचून सही करायची.

मी लिहायचो : 'राणी झाडावर. शिडी कुणीतरी नेली आहे. कुणी, ते मनूला सांगितलेलं नाही. सांगू नये.' खाली बायकोचं उत्तर : 'शिडी परत आणली. वांगी संपली.' आणि त्याखाली काकांच्या लाल शाईत : 'वांगी गोष्टीतली की घरातली? स्पष्ट लिहा.'

आता लाल कॅरेटचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. कंपनीत नापास माल लाल पिंजऱ्यात कुलूप लावून ठेवतात. चुकून किंवा मुद्दाम कुणी तो पुन्हा लाइनवर घालू नये म्हणून. काकांनी भाजीचं एक जुनं प्लॅस्टिकचं कॅरेट लाल रंगवलं, त्यावर जाळी बसवली, कुलूप घातलं आणि ते जिन्याखाली ठेवलं. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी त्यात जायला लागल्या. बोलणारा कोल्हा आत. एका उडीत समुद्र ओलांडणारा बेडूक आत. 'खूप खूप वर्षांपूर्वी' अशी सुरू होणारी सगळी पुस्तकं आत. खूप म्हणजे किती, याचा आकडा नाही म्हणून. किल्ली करदोट्याला. महिनाभरात मनूची निम्मी पुस्तकं तुरुंगात गेली आणि ती रोज जाळीला नाक लावून कोल्ह्याची विचारपूस करायला लागली.

मी एकदा चिडून म्हणालो, "काका, मग पास होणारी गोष्ट असते तरी कशी?"

त्यांनी सांगितली. "एक मुलगा व्हता. आईनं गूळ आनायला धाडला. त्यो गेला. गूळ घेतला. परत आला."

मनू वाट बघत राहिली. "मग?"

"मंग काय? ओके."

हे असं का चाललंय ते मला त्यानंतर कळलं. त्यांचा एकुलता मुलगा जर्मनीत इंजिनियर. नातू ईशान तिकडंच जन्मलेला, पाचवं लागलेला. दर रविवारी फोनवर चेहरे दिसायचे आणि काका नातवाला विचारायचे, "उंची किती झाली? वजन?" पोरगं पडद्यातून पळून जायचं. मग अर्धा तास सून रिकामी खुर्ची दाखवत बसायची.

एक दिवस काका वर आले आणि पुस्तकाकडे न बघता प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले.

"भाऊ, नाताळच्या सुट्टीला पोरगं यायलंय. तीन आठवडं." ते व्हर्नियर उघडत होते, मिटत होते. "मला गोष्ट सांगता येत न्हाई. माज्या पोराला एक बी सांगितली न्हाई म्या. त्यो जागा असला की मी कंपनीत, मी घरी आलो की त्यो झोपल्याला. त्याचं र्‍हाऊ द्या. पन ह्यो नातू येऊन मला नापास करून गेला तर? परत कशाला यील त्यो?"

मी काहीतरी धीराचं बोललो. ते ऐकत नव्हते. "तीस तीस फॉरेनचे कस्टमर आले आडिटला, कंदी घाम फुटला न्हाई. ह्यो साडेचार वरसाचा कस्टमर हाय आनि माजी झोप गेलीया."

म्हणजे माझ्या मुलीवर इतके दिवस ट्रायल चालू होती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मग उघडच तयारी सुरू झाली. काकांनी गोष्ट सांगायची आणि मनूनं निकाल द्यायचा. काकूंच्या टिकल्यांची पाकिटं आली : हिरवी टिकली पास, लाल नापास, काकांच्या सदऱ्याला लावायची. गुळाच्या गोष्टीला लाल. मुलगा गुळाऐवजी साखर आणतो, त्याला लाल. मुलगा जातो आणि दुकान बंद असतं, त्याला मनूनं बराच विचार करून लाल लावली. काका तसेच दूध आणायला जायचे. मोशीच्या चौकात लोक विचारायचे, "काय दादा, लगीन हाय का कुनाचं?" काका छातीवरच्या सात लाल टिकल्यांकडे बघून म्हणायचे, "न्हाई. रिजेक्शन जास्त हाय."

शेवटी मनू कंटाळली. काका ओट्यावर शेंगा फोडत होते. ती म्हणाली, "काका, तुमची स्वतःची सांगा. खरी."

"एकच हाय. पन ती नापास हाय."

"तरी सांगा."

"मी धा-अकरा वरसांचा असंन. आमची एक कालवड व्हती. कालवड म्हंजी अजून न याल्याली तरनी गाय. डोक्यापासनं शेपटीपातुर काळीकुळकुळीत. औषधाला बी पांढरा केस न्हाई. एक दिस इंद्रायनीवर पानी पाजाया नेली, माज्या हातात दावं. मी एका खेकड्याकडं बगत बसलो. दावं सुटलं. मागं बगतो तर न्हाई."

मनू सरकून जवळ आली. मीही दारात थांबलो. काकांच्या आवाजात पहिल्यांदाच माप नव्हतं.

"वडील पुडं, मी मागं. गाव पालथं घातलं. चिखलीपातुर गेलो, वड्यात बगितलं, उसात बगितलं. हाका मारल्या."

"मग?"

"मंग न्हाई. घावलीच न्हाई. घरी आलो."

"पण मग ती कुठे गेली?"

"तेच तर. शेवट न्हाई त्या गोष्टीला." त्यांनी शेंगांची टरफलं झटकली, कागदाच्या तुकड्यावर लाल शाईत लिहिलं, 'कालवड. दोष : शेवट नाही,' आणि जिन्याखाली जाऊन कॅरेटमध्ये टाकून कुलूप लावलं. मनूनं त्या दिवशी कुठलीच टिकली लावली नाही. ती दोन्ही पाकिटं मांडीवर घेऊन बसून राहिली.

डिसेंबरात मंडळी आली. ईशान गोरापान, शांत, बूट काढायच्या आधी पायपुसणं शोधणारा. घरी मराठी बोलत असल्यामुळे सगळं कळायचं, पण स्वतः बोलायचा तो मोजकं, प्रत्येक शब्द नवीन असल्यासारखं. काकांनी भिंतीवर तक्ता लावला होता. पहिला दिवस : गूळ. दुसरा दिवस : साखर. तिसरा दिवस : दुकान बंद.

पहिल्या दिवशी ईशाननं गुळाची गोष्ट ऐकली, थोडा वेळ वाट पाहिली आणि आईला विचारलं, "झालं?" दुसऱ्या दिवशी तो साखर घ्यायच्या आधीच उठला. तिसऱ्या दिवशी टॅब घेऊन आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. दुकान उघडं होतं की बंद, ते काकांनी रिकाम्या सतरंजीला सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी तक्ता उतरवला. सहा दिवस ते पोराच्या वाटेलाच गेले नाहीत, गच्चीवर पाण्याच्या टाकीची मापं घेत बसायचे.

मी वर गेलो तर म्हणाले, "फेल झालो, भाऊ." आणि पुन्हा टाकी मापायला लागले.

इकडे मनूनं आपलं काम केलं. तिनं ईशानला जिन्याखाली नेलं आणि कॅरेट दाखवलं. "यात खराब गोष्टी कोंडल्यात."

जगातल्या कुठल्याही पाच वर्षांच्या पोराला याहून मोठी बातमी देता येत नाही. ईशान जाळीला चिकटला. बोट घालून पाहिलं. मग तडक गच्चीवर गेला, आजोबांपुढं उभा राहिला आणि आल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलला : "आजोबा, मला खराब गोष्ट पाहिजे."

काका उभे राहिले. तोंडावर आनंद येत होता आणि हात करदोट्याकडे निघालाही होता. तो मधेच थांबला. "रिजेक्ट माल कस्टमरला जात न्हाई, बाळा."

"आवं!" काकू खालून ओरडल्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. "पोरगं पयल्यांदा कायतरी मागतंय तुमच्याकडं! द्या त्याला, न्हाईतर तुमालाच कोंडीन त्या क्यारेटात!"

काका गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागले. एकतीस वर्षं एका बाजूला आणि हे पोरगं दुसऱ्या. मी खरंच घाबरलो, कारण हा माणूस पेटीवर बसून दिवस काढणारा होता. इतक्यात ते थांबले. चेहरा उजळला. "डेव्हिएशन!" असं म्हणून जिना उतरून धावले.

डेव्हिएशन म्हणजे काय ते शिफ्टला जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मालात दोष आहे, पण गिऱ्हाईक म्हणतं चालेल, तर दोष कागदावर लिहून त्याची सही घ्यायची आणि माल सोडायचा. लबाडी नाही, सगळं उघड. काकांनी फुलस्केपवर रेघा मारून फॉर्म केला. 'मालाचे नाव : कालवड. दोष : शेवट नाही. ग्राहकाला दोष माहीत आहे. ग्राहकाची हरकत नाही.' मग तो ईशानला वाचून दाखवला.

"शेवट न्हाई तिला. मागनं तक्रार चालनार न्हाई."

"चालेल," ईशान म्हणाला आणि सहीच्या जागी त्यानं एक मोटार काढली. साक्षीदार म्हणून मनूनं फूल काढलं.

कुलूप निघालं. जिन्याखालीच, कॅरेटवर बसून, काकांनी कालवड सांगितली. खेकडा आला, दावं सुटलं, ओढा आला, ऊस आला. ईशानचं तोंड उघडं ते उघडंच. "मग?"

"मंग न्हाई घावली. घरी आलो."

काका खाली मान घालून निकालाची वाट बघत होते. ईशाननं थोडा विचार केला आणि विचारलं, "उद्या कुठे शोधायची?"

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सकाळी लौकर निघा. उनं व्हत्यात."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून काकूंनी मला मागं मोटरसायकल घेऊन जायची आज्ञा केली. पुढं काकांची स्कूटर, पुढ्यात मनू उभी, मागं ईशान, त्याच्या हातात दावं. नदीकाठी खेकड्याची जागा पाहिली. जिथं ऊस होता तिथं आता बारा मजल्यांची सोसायटी. काका गेटवर थांबले आणि वॉचमनला सरळ विचारलं, "काळी कालवड आली का आत?"

तो नांदेडकडचा होता, नवीन. त्यानं वही पुढं ओढली. "कोणत्या विंगला जायचं होतं तिला?"

"ते न्हाई म्हाईत."

"कधी सुटली?"

"पंचावन्न वरसं झाली."

वॉचमननं पेन खाली ठेवलं. ईशानकडे पाहिलं, दाव्याकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "तेव्हा माझी ड्युटी नव्हती काका. पण आली तर थांबवून ठेवतो." आणि खरंच वहीत लिहून घेतलं.

उरलेले दहा दिवस रोज शोध. चिखलीचा ओढा, मंडईचं आवार, हायवेच्या पुलाखाली. रात्रीच्या जेवणाला ईशान काकांच्या ताटात जेवायला लागला. भाकरी मापताना व्हर्नियरचं एक टोक तो धरायचा. कालवड मिळत नव्हती आणि दोघांची तब्येत सुधारत होती.

जायच्या दिवशी पोरगं दाराला धरून बसलं. गाडी आली होती, बॅगा भरल्या होत्या, आणि हा म्हणतोय कालवड सापडल्याशिवाय यायचं नाही. मुलगा समजावून थकला. काका आत गेले आणि नवी कोरी वही घेऊन आले. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'मोशी, चिखली, पूल : पाहिले. नाही. पुढील शिफ्ट : जर्मनी.'

"माजी शिफ्ट संपली. आता तुजी," ते म्हणाले. "हँडओव्हर घे. रोज सांगायचं, कुटवर बगितलं."

ईशाननं डोळे पुसले, वही वाचल्यासारखी केली आणि खाली मोटार काढली. मग गाडीत बसला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला मोशीत फोन वाजतो. तिकडं दुपार असते. ईशान सांगतो, बागेत पाहिलं, नाही. शाळेच्या मागं पाहिलं, नाही. काका लिहून घेतात आणि आपलं सांगतात. मधेमधे उंची आणि वजन ईशान स्वतःहून कळवतो. दर नाताळला तो प्रत्यक्ष शोधायला येतो, वॉचमनला न चुकता भेटतो.

आम्ही पुढं चाकणजवळ स्वतःचा फ्लॅट घेतला. परवाच्या एका रविवारी मनूला घेऊन काकांकडे गेलो होतो. ती आता सात वर्षांची. चहा होतोय तोवर साडेसात वाजले, फोन वाजला आणि ईशान पडद्यावर नाचत होता. "आजोबा, सापडली! सापडली!"

तो कुठल्याशा खेड्यात सहलीला गेला होता. त्यानं फोन वळवला. हिरव्यागार कुरणात, कुंपणापलीकडं, एक गाय चरत होती. काळीकुळकुळीत. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

काकूंच्या हातातली कपबशी वाजली. काका पडद्याकडे बघत राहिले, त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. त्या घाबरलेल्या चेहऱ्यावरून मला एकदम कळलं. गोष्टीला शेवट आला होता. उद्या साडेसातला फोन वाजायचं कारण उरलं नव्हतं.

"नीट बग," काका शेवटी म्हणाले. आवाज अगदी इन्स्पेक्टरचा. "कपाळावर पांढरा ठिपका हाय का? रुपयाएवडा?"

ईशान कुंपणाला चिकटला. बराच वेळ पाहिलं. "नाही. सगळी काळी आहे."

"मंग ती आपली न्हाई. रिजेक्ट. उद्यापासनं नदीच्या कडंनं बगत जा."

"ओके, आजोबा," ईशान म्हणाला. जरा हिरमुसला, पण लगेच त्यानं विचारलं, "नदीच्या कुठल्या बाजूला?"

काकांनी फोन ठेवला. काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मनूला तर शब्दन्‌शब्द पाठ होतं. औषधाला बी पांढरा केस न्हाई. एकतीस वर्षांत खोट्या मालावर सही न केलेला माणूस मान खाली घालून बसला होता. मग त्यानं काकूंच्या कपाटातून टिकल्यांचं लाल पाकीट काढलं आणि माझ्या मुलीपुढं सदरा ताणून धरला.

"लाव," काका म्हणाले.

मनूनं पाकीट बाजूला ठेवलं. उठून तिनं एक फुलस्केप आणला, रेघा मारल्या आणि काका सांगतील तसं नव्हे, आपल्या मनानंच, जीभ बाहेर काढून लिहायला बसली. लिहून झाल्यावर कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

'माल : काका. दोष : खोटं बोलले. ग्राहकाला सांगू नये. आमची हरकत नाही.'